रकाना

चांगदेवच्या मच्छीमार सोसायटीच्या रजिस्टरात सहा रकाने.
कटला, रोहू, मरळ, वाम, चिलापी.
सहावा ‘इतर’. त्यात मी शिंगाळे टाकतो, झिंगे,
एकदा जाळ्यात आलेला पितळी तांब्याही लिहिला होता.

पौषातल्या त्या पहाटे
सुपडू भोई दारात उभा राहिला.
हातात काट्यावर ठेवण्यासारखं काही नव्हतं,
तरी त्यानं ते काट्यावर ठेवलं.

तंगुसात गुंडाळलेली पाणमांजर.
मादी. आचळं भरलेली.
मिशांवर अजून पूर्णेचं पाणी,
दातांत जाळ्याचे पांढरे दोरे,
रात्रभर चावलेले.

“सात किलो दोनशे,” मी म्हणालो, सवयीनं.
“लिही ना,” सुपडू म्हणाला. “कुठी लिहिशीन?”

हे आमचे वैरी. खरं सांगायला काय जातं.
जाळं फाडतात, कटल्याचं डोकं तेवढं खातात
आणि बाकी मासा तसाच लटकत ठेवतात,
पंगतीत ताट टाकून उठणाऱ्या व्याह्यासारखे.
गेल्या साली हाच सुपडू
गोफण घेऊन तीन रात्री काठावर बसला होता.

पण पाण्यातलं जनावर पाण्यात बुडून मेलं,
हे त्याच्या गळ्याखाली उतरेना.
“दम घ्याले वर येते ना ते, भाऊ. आपल्यावानी.
तिले वर यायचं होतं.
जायानं येऊ दिलं नही.”

सुपडूचं नाव कसं पडलं, गावाला ठाऊक आहे.
आधीची तीन गेली होती.
चौथ्याला आईनं सुपात घातलं,
ओढत नेलं उकिरड्यापर्यंत,
म्हणजे मरणाला वाटावं, हा तर केर.
मरण पुढं गेलं.
त्याला बासष्ट वर्षं झाली.

त्या दिवशी देवळामागच्या खडकात
पिलं शिट्टीसारखी ओरडत होती. तीन असावीत.
कपारीत हात घालायची कुणाची छाती नव्हती.
संध्याकाळी दुसरं मोठं जनावर आलं, तोंडात मासा.
एक आवाज थांबला. मग दुसरा.
तिसरा थांबला तो कशानं, ते कळलं नाही.

मग सुपडू जाळं घेऊन ओट्यावर बसला.
निंबाबाईनं कातर दिली, तोंड फिरवून,
कारण जाळं तिच्या बचत गटाच्या पैशांचं.
कपारीसमोर येतो तेवढा भाग त्यानं काढून टाकला,
चांगली सहा हात खिंड,
आणि कडा शिवून घेतल्या.
“जाळ्याला काज,” पोरं हसली.
“आता बटण कुठून आणशीन, आबा?”

जाळं टाकून घरी झोपायचा, तेही सोडलं.
दर दोन तासांनी बॅटरी घेऊन डोंगीत बसतो,
बोये मोजतो. एखादा बुडालेला दिसला
की आधी तिकडं वल्हं मारतो.
फाल्गुनात एक असं जिवंत सुटलं.
अंगठ्याला चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन,
आणि आठवडाभर निंबाबाईचं बोलणं.

खिंडीतून मासे जातात. जाणारच.
नऊ किलो यायचे तिथं सहा.
बाकीच्यांनी माना हलवल्या.
फक्त वना आणि त्याचा शालक
कपारीपासून शंभर हात सरकले, काही न बोलता.

मी पट्टी ठेवून सातवी रेघ ओढली.
रोज भरतो. शून्य. शून्य.
जेठात एकदा एक, पलीकडच्या काठाला.
पुन्हा शून्य.
इतर रकान्यांत शून्य लिहिताना हात जड होतो,
इथं पेन आपोआप गोल फिरतं.

काल सुपडूच्या कटल्याला डोकं नव्हतं.
उरलेला मासा काट्यावर आपटून
त्यानं त्या कपारीचा सात पिढ्यांसकट उद्धार केला.
“तो कडू, अन् ती चिंधी,
दोघं मिळून लुटून खातात मले!”

मी मान वर केली नाही.
लिहिलं: कटला, तीन किलो, डोकं सोडून.